मोळी बांधतो, मूल मात्र मोकळे!



शेतकी खात्याच्या माणसाने या पानावर लिहावयाचे ते लावणीबद्दल, बेण्याबद्दल, फार तर हुमणीबद्दल, असा आजवरचा शिरस्ता आहे. या खेपेस आम्ही ऊस थोडा बाजूला ठेवून उसाच्या पैशातून दारात आलेल्या गाडीबद्दल आणि त्या गाडीत बसणाऱ्या आपल्या लेकरांबद्दल लिहीत आहोत. विषय शेतीचा नाही असे वाटेल. पण ज्याच्यासाठी शेती करायची तो वारसच सुखरूप राहिला नाही, तर एकरी शंभर टनांचा विक्रम करून तरी काय करायचे?

आपल्या कार्यक्षेत्रात एक काळ असा होता की बैलगाडी आणि एस.टी. एवढीच वाहने. पुढे मोटारसायकल आली, ट्रॅक्टर आला, जीप आली. आज कोणत्याही गटात जा, गोठ्याच्या शेजारी पत्र्याचे शेड आणि त्यात चारचाकी उभी दिसते. यात वाईट काही नाही. कष्टाच्या पैशातून घेतलेली गाडी आहे, अभिमानच वाटावा. मात्र गाडीबरोबर वेग आला. गावातून निघालो की पंधरा मिनिटांत पुणे-बंगळूर महामार्ग. शिरवळपासून सातारा, उंब्रज, कराड, कासेगाव, पेठ नाक्यापर्यंत गाड्या ऐंशी-शंभरच्या वेगाने धावतात. बैलगाडीतून पोर पडले तर गुडघा फुटत असे. आता हिशेब वेगळा आहे.

आम्ही गटागटांतून फिरतो तेव्हा रस्त्यात नेहमी दिसणारे चित्र असे : मालक गाडी चालवतात, शेजारी मालकीणबाई, त्यांच्या मांडीवर तान्हे मूल. थोरला दोन सीटांच्या मधे उभा. मागे आजी-आजोबा, आत्या आणि आणखी दोन-तीन मुले. लग्नसराईत तर नवीनच तऱ्हा निघाली आहे. गाडीच्या टपाला काचेची खिडकी असते, तीतून मुलगा कमरेपर्यंत बाहेर काढून उभा करतात आणि फोटो घेतात.

आणि हेच मालक हंगामात काय करतात ते पाहा. उसाची मोळी वाढ्याने आवळल्याशिवाय उचलू देत नाहीत. ट्रॉली भरली की वरून दोर टाकून दोन-दोन वेळा ओढून बघतात. वळणावर मोळी सुटली तर पाच-पंचवीस किलो ऊस जाईल याची काळजी. मोळी बांधतो आणि मूल मात्र मोकळे ठेवतो! हा उलटा व्यवहार बंद व्हावा, एवढेच आमचे आजचे म्हणणे आहे.

मांडी म्हणजे सीट नव्हे

"आईच्या मांडीइतकी सुरक्षित जागा कुठली?" असे आम्हाला बऱ्याच ठिकाणी ऐकायला मिळते. भावना खरी आहे, गणित खरे नाही. ते गणित एकदा मांडू.

गाडी ताशी ५० किलोमीटरने चालली आहे. हा काही फार वेग नव्हे. म्हणजे गाडी सेकंदाला सुमारे १४ मीटर जाते. ती समोरच्या वाहनावर आदळली की जागच्या जागी थांबते, पण आत बसलेली माणसे त्याच वेगाने पुढे जात राहतात. हा धक्का सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून, खाली पडण्याएवढा असतो. वेग ८० असेल तर उंची २५ मीटरांच्या घरात जाते.

आता मांडीवरचे मूल १० किलोचे धरा. सेकंदाच्या दहाव्या भागात गाडी थांबली तर त्या मुलाला धरून ठेवण्यास सुमारे १४० किलोचा जोर लागतो. आपल्या गोदामातील पन्नास किलोची जवळजवळ तीन पोती! कोणती आई, कोणता पैलवान बाप, अचानक, दोन हातांत तीन पोती पेलेल? ते पोर हातातून सुटतेच. आईने स्वतः पट्टा लावलेला नसेल तर तिचे सगळे वजन त्याच पोरावर येते. आणि आई व मूल मिळून एकच पट्टा लावला, तर आईच्या अंगाखाली पट्ट्यात मूल चेपले जाते. म्हणजे पट्टा असून अपाय.

पुढच्या सीटवर आणखी एक धोका आहे. नव्या गाड्यांत पुढे हवेची पिशवी म्हणजे एअरबॅग असते. ती पापणी लवण्याच्या आत, फटाका फुटावा तशी जोराने उघडते. ती मोठ्या माणसाच्या छातीसाठी केलेली आहे. मांडीवरच्या मुलाचे डोके नेमके तिच्यासमोर येते. जी वस्तू बापाला वाचवते तीच लेकराचा जीव घेऊ शकते.

दुसरीकडे काय घडले

ही मांडीची समजूत आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत टेनेसी नावाचे राज्य आहे. तेथील एका ग्रामीण जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी डॉ. रॉबर्ट सँडर्स यांनी गाडीत लहान मुलांना वेगळी सीट सक्तीची व्हावी म्हणून खटपट केली. १९७७ साली कायदा झाला आणि १९७८ पासून अमलात आला. त्या देशातील असा हा पहिला कायदा. पण विरोधकांनी त्यात एक सवलत घुसडली : मोठ्या माणसाने मूल हातात धरले असेल तर चालेल. या सवलतीला पुढे 'पोर चिरडणारी दुरुस्ती' असेच नाव पडले. अखेर १९८१ साली ती काढून टाकावी लागली. १९८५ पर्यंत तेथील सर्व राज्यांनी असे कायदे केले. तेथील अभ्यासानुसार सीट योग्य रीतीने वापरल्यास मोटारीतील तान्ह्या मुलांचा मृत्यूचा धोका सुमारे ७१ टक्क्यांनी आणि एक ते चार वर्षांच्या मुलांचा सुमारे ५४ टक्क्यांनी कमी होतो. एका फवारणीने निम्म्याहून अधिक रोग हटतो असे सांगितले तर आपण सगळे पंप घेऊन शिवारात धावलो असतो.

आपल्या देशातही कायदा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन कलम १९४-बी आले. चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा मुलांच्या सीटने बांधलेले नसेल तर गाडी चालवणाऱ्यास एक हजार रुपये दंड त्यात सांगितला आहे. पण दंडाच्या भीतीने केलेली गोष्ट नाक्यापुरती टिकते. पोलीस दिसला की पट्टा ओढायचा आणि पुढे गेले की सोडायचा, हे आपण सगळे पाहतो. पट्टा पोलिसासाठी नाही.

मागे बसणाऱ्यांना पट्ट्याची गरज नाही, हीही एक घट्ट समजूत. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडी भारी किमतीची होती. पुढे बसलेले दोघे जखमी होऊन वाचले. मागे बसलेले दोघे गेले. मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. त्याच २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत पट्टा न लावलेली १६,७१५ होती आणि या पट्टा न लावलेल्यांत निम्मे चालक नव्हते, नुसते बसलेले प्रवासी होते. हे केंद्र सरकारचे आकडे आहेत.

सीट कोणती आणि कशी

काही सभासदांनी मुलांची सीट घेतलीही आहे. त्यांचे कौतुक. पण घेतलेली सीट पाहिली की आम्हाला एक डोळा पद्धतीच्या लावणीची आठवण होते. बेणे उत्तम, प्रक्रिया केलेली, पण डोळा खाली तोंड करून लावला तर उगवण कशी साधणार? सीटचेही तसेच आहे. नुसती असून भागत नाही, नीट बसवावी लागते. म्हणून मुद्दे थोडक्यात देतो :

१. सीट वयावर नव्हे, मुलाच्या वजनावर आणि उंचीवर निवडावी. प्रत्येक सीटवर किती किलोपासून किती किलोपर्यंत, ते लिहिलेले असते. ए.आय.एस. ०७२ किंवा ई.सी.ई. आर ४४ अथवा आर १२९ अशी मानकाची खूण पाहूनच घ्यावी. नुसती मऊ गादी आणि रंगीत कापड म्हणजे सीट नव्हे.

२. तान्ह्या मुलाची सीट गाडीच्या मागच्या बाजूस तोंड करून बसवावी. तान्ह्या बाळाचे डोके त्याच्या अंगाच्या चौथ्या हिश्शाएवढे असते आणि मान कोवळी असते. तोंड पुढे असेल तर धक्क्याला डोके पुढे फेकले जाते आणि सगळा ताण मानेवर येतो. तोंड मागे असेल तर तोच धक्का सबंध पाठीवर पसरतो. किमान दोन वर्षांपर्यंत, आणि सीटवरील मर्यादा परवानगी देईल तर त्याहून पुढेही, मूल असेच बसवावे. पाय दुमडतात म्हणून घाई करू नये.

३. अशी मागे तोंड केलेली सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या जागेवर कधीही ठेवू नये. मुलांची जागा मागेच. बारा-तेरा वर्षांपर्यंत हा नियम घरात पक्का करावा.

४. त्यानंतर पुढे तोंड करून, पाच पट्ट्यांच्या सीटमध्ये साधारण चार-पाच वर्षांपर्यंत, म्हणजे बहुतेक सीटांत १८ किलो वजनापर्यंत. मागे तोंड असताना खांद्याचे पट्टे मुलाच्या खांद्याच्या पातळीवर किंवा खाली हवेत. पुढे तोंड असताना खांद्याच्या पातळीवर किंवा वर.

५. पट्टा किती आवळावा? खांद्यापाशी पट्टा चिमटीत धरून पाहावा. चिमटीत घडी आली तर पट्टा ढिला आहे. थंडीत जाड स्वेटर घालून बांधू नये. स्वेटर दबतो आणि पट्टा सैल पडतो. आधी बांधावे, वरून शाल घालावी.

६. सीट गाडीला घट्ट बसली की नाही ते पाहण्यासाठी, जेथून गाडीचा पट्टा जातो तेथे धरून हलवावी. एक इंचापेक्षा जास्त हलता कामा नये. बऱ्याच नव्या गाड्यांत मागच्या सीटच्या फटीत लोखंडी कड्या असतात. त्यांना आयसोफिक्स म्हणतात. सीटला तशी सोय असेल तर दोन्ही बाजू 'खट्' आवाज होईपर्यंत बसवाव्यात आणि वरचा ताणपट्टा मागच्या हुकाला अडकवण्यास विसरू नये. दुकानदाराकडून हे स्वतःच्या गाडीत करून दाखवून घ्यावे.

७. मोठ्या मुलांसाठी उंच बैठक मिळते, तिला बूस्टर म्हणतात. गाडीचा पट्टा मोठ्या माणसाच्या मापाचा असतो. लहान मुलाला तो मानेला लागतो आणि खालचा भाग पोटावर चढतो. अपघातात आतडी दुखावतात. पट्टा मांड्यांच्या वरच्या हाडावर आणि खांद्याच्या मध्यावर आला पाहिजे. साधारण पावणेपाच फूट उंची होईपर्यंत बूस्टर हवाच. मानेला लागतो म्हणून पट्टा काखेतून किंवा पाठीमागून घेऊ देऊ नये. एका पट्ट्यात दोन मुले बांधू नयेत.

८. अपघातात सापडलेली सीट पुन्हा वापरू नये. वरून धड दिसली तरी आतून तडकलेली असू शकते. जुनी घेताना तिचा पूर्वेतिहास माहीत असलेल्या घरचीच घ्यावी. उन्हात गाडी उभी असेल तर मूल बसवण्याआधी पट्ट्याचे बक्कल हाताने चाचपावे, उन्हाळ्यात चटका बसतो.

नवीन गाडी घेताना आता लोक 'किती स्टार' असे विचारतात. चांगली गोष्ट आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशात भारत एनकॅपची चाचणी सुरू झाली आणि तीत मुलांसाठी वेगळे स्टार दिले जातात. पण ते स्टार कसे मिळतात हे लक्षात घ्या. दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलाएवढे पुतळे मुलांच्या सीटमध्ये बांधून गाडी आदळतात. म्हणजे स्टार सीटसकट आहेत. सीटच नसेल तर आपल्या पोरापुरते ते स्टार कागदावरच राहिले.

"काय हुतंय साहेब?"

आता आक्षेपांकडे वळू. "दहा मिनिटांचा तर रस्ता, काय हुतंय साहेब?" हा पहिला. बाबांनो, रोजच्या रस्त्यावरच आपण रोज असतो. त्यामुळे प्रसंगही तेथेच यायचा. हंगामात त्याच रस्त्याला रात्री भरलेल्या ट्रॉल्या असतात.

"पोर रडतंय, बसत न्हाई." खोंडही पहिल्या दिवशी जुवाखाली मान देत नाही, चार दिवसांत सरावते. जन्मल्यावर दवाखान्यातून घरी येतानाच सीटमध्ये आणलेले मूल रडत नाही, कारण त्याला दुसरे काही माहीतच नसते. मूल रडले तर गाडी बाजूला घ्या, पाजा, फिरवा आणि पुन्हा बांधा. चालत्या गाडीत काढू नका.

"आमच्या वेळी कुठं होतं असलं?" हा प्रश्न आजी विचारतात आणि घरात अखेरचा शब्द त्यांचाच असतो. आजी, तुम्ही नातवाची दृष्ट काढता, गाडीला लिंबू-मिरची बांधता. ते खुशाल करा. त्याच हातांनी नातवाचा पट्टाही बांधा. तुम्ही सांगितले तर मुलगा-सून ऐकतील. आमचे ऐकतीलच असे नाही.

"महाग आहे." सीट साधी घेतली तरी पाच-सात हजार रुपये पडतात, हे खरे. म्हणजे दोन-तीन टन उसाचे पैसे. आठ-दहा लाखांच्या गाडीला लोक हजारो रुपयांची कव्हरे, दिवे आणि गाण्याची पेटी बसवतात. तेव्हा खर्चापेक्षा प्रश्न अग्रक्रमाचा आहे.

मोटारसायकल, ट्रॅक्टर आणि ट्रॉली

सर्वच सभासदांकडे चारचाकी नाही. मोटारसायकलच्या टाकीवर पोर बसवून शाळेत सोडणारे जास्त. त्यांच्यासाठी केंद्राने १५ फेब्रुवारी २०२२ रोजी नियम काढला आणि तो एक वर्षाने लागू झाला. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला चालकाच्या अंगाशी बांधणारा पट्टा, मुलाच्या मापाचे हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरपेक्षा कमी वेग, असा तो नियम आहे. चार वर्षांवरील मुलाला मोठ्यांप्रमाणेच हेल्मेट हवे. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर मात्र मुलाला बसवूच नये. तेथे बांधायला पट्टाही नाही आणि खाली मोठे चाक आहे.

ट्रॉलीच्या बाबतीत जबाबदारी आपली, म्हणजे कारखान्याची आणि वाहन मालकांची. मागे लाल परावर्तक नसलेली ट्रॉली रात्री रस्त्यात उभी असेल, तर कितीही चांगली सीट असलेली मोटार तिच्यावर आदळू शकते. पंक्चर झाली की दगड लावून तशीच सोडायची ही सवय मोडलीच पाहिजे. आणि तोडणीला आलेल्या मजुरांची मुले भरलेल्या उसावर बसवून नेली जातात, तेही थांबले पाहिजे. ती मुले सभासदांची नसतील, पण आपल्या उसासाठीच ती या रस्त्यावर आली आहेत.

एक सूचना

शेवटी एक सूचना, आमच्या मताने मांडतो. निर्णय संचालक मंडळाचा व सभेचा. खत, बेणे, औषधे आपण सभासदांना उधारीवर देतो आणि बिलातून वसूल करतो. त्याच पद्धतीने मानकाची खूण असलेल्या मुलांच्या सीट गट ऑफिसमार्फत का देऊ नयेत? हप्ते ऊस बिलातून कापावेत. दुसरे असे की तान्ह्या मुलाची सीट एखाद-दोन वर्षांतच लहान पडते. त्रिस्तरीय बेणे मळ्यात जसे एकाचे बेणे पुढच्याच्या शेतात जाते, तशी ही सीट नोंदवहीत नोंद करून दुसऱ्या सभासदाच्या घरी जावी. अपघातात सापडलेली सीट मात्र नोंदवहीतून कायमची बाद करावी. याने खर्च वाटला जाईल आणि सीट नीट बसवून देण्यासाठी प्रत्येक गटात एक-दोन माणसे तयार होतील.

हे होईल तेव्हा होईल. तोवर प्रत्येकाला आजच करता येण्याजोगे काम आहे. मूल पुढच्या सीटवरून आणि मांडीवरून काढून मागे न्यावे. असलेले पट्टे, जे कव्हरखाली दडपलेले असतात, ते बाहेर ओढून काढावेत आणि गाडीतल्या प्रत्येकाने लावावेत. जत्रेला, लग्नाला जाताना पट्ट्यांपेक्षा जास्त माणसे गाडीत घेऊ नयेत; दोन खेपा कराव्यात किंवा एस.टी.ने जावे. आणि घरात पाळणा हलणार असेल तर बारशाच्या खरेदीच्या यादीत पहिली वस्तू सीटच लिहावी.

यंदा ट्रॉलीवरच्या दोराची गाठ ओढून पाहाल, तेव्हा गाडीतल्या लेकराचा पट्टाही एकदा ओढून पाहावा, ही सर्व सभासदांना नम्र विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी